वहीतली चिठ्ठी आणि कोठारातला माल



वसंतातल्या या व्याख्यानांना इतिहास, वाङ्मय, अर्थकारण अशा विषयांवर अधिकारवाणीने बोलणारी माणसे येतात. मला तसा कोणताच अधिकार नाही. लेथवर हात काळे करता करता रात्रशाळेतून मी दहावी झालो आणि पुढची तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. संगणकाची जी थोडीफार विद्या मजजवळ आहे ती गरजेपोटी मिळवलेली आहे, आणि तिची किंमतही मोजलेली आहे. ती किंमत माझ्या खिशातून गेली असती तर मी येथे उभा राहिलो नसतो. ती एका गरीब माणसाच्या खिशातून गेली, म्हणून आजचा विषय मी मागून घेतला.

विषयाचे नाव ऐकायला रूक्ष आहे. आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या संगणक-व्यवस्थेत जड फाइली कशा सांभाळाव्यात, हा तो विषय. ‘आमचा याच्याशी काय संबंध?’ असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. परंतु सोसायटीचे इतिवृत्त, संस्थेची घटना, मंडळाचा जमाखर्च, घराच्या वाटपाचा मसुदा, यांपैकी काही ना काही ज्याच्या घरात संगणकावर आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे.

आमची कचेरी इथल्याच, कसबा पेठेतल्या एका वाड्यात आहे. एक खोली, दोन टेबले आणि एक कपाट. मालकाशी करार करायचा म्हणजे मसुदा दहादा इकडून तिकडे जातो. पूर्वी संगणकात आम्ही त्याची नावे ठेवीत असू : ‘करार शेवटचा’, ‘करार शेवटचा नवा’, ‘करार खरोखर शेवटचा’. आपण हसलात, म्हणजे आपल्याही घरी हेच चालते. एका वाटाघाटीत सातव्या मसुद्यात ‘महागाई भत्ता आणि घरभाडे’ यांतल्या ‘आणि’चा ‘किंवा’ झाला होता. तो कोणी केला, केव्हा केला, कळेना. चूक असेल, चलाखी असेल. त्या एका शब्दाने दोनशे माणसांचे घरभाडे जाणार होते. सहीच्या आदल्या रात्री आमच्या एका भगिनीच्या ध्यानात ते आले म्हणून बचावलो.

त्यानंतर आमच्या एका सभासदाच्या मुलाने, जो हिंजवडीला नोकरी करतो, आम्हाला ‘गिट’ नावाची व्यवस्था शिकवली. तिला मी आमच्या भाषेत दप्तर म्हणतो. या दप्तरात फाइल ठेवली की दर बदलाची नोंद होते. कोणती ओळ बदलली, आधी काय होते, नंतर काय झाले, कोणी बदलले, कोणत्या दिवशी, किती वाजता. बदल करणाऱ्याने कारणही लिहायचे असते. जुनी नोंद खोडायची नाही, खाली नवी करायची. रोजकीर्द लिहिणाऱ्या जुन्या मुनीमाला ही शिस्त नवी वाटणार नाही.

गिट २००५ साली लिनस टोर्वाल्ड्स या संगणकतज्ज्ञाने लिहिले. लिनक्स ही जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली प्रणाली आहे. तिचे काम करणाऱ्यांना एक खासगी कंपनीची नोंद-व्यवस्था फुकट वापरायला मिळत होती. ती सवलत बंद झाली तेव्हा त्यांनी आपली स्वतःची उभी केली. दुसऱ्याच्या मेहेरबानीवर चाललेले काम एक दिवस अडते, हा अनुभव आम्हा चळवळीतल्या माणसांच्या ओळखीचा आहे.

गिटचा मोठा गुण असा की दप्तराची नक्कल ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे संपूर्ण इतिहास जातो. आजचे पान तर जातेच, पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंदही जाते. त्याआधीच्या ‘सबव्हर्शन’सारख्या व्यवस्थेत इतिहास मध्यवर्ती संगणकावर राही आणि माणसाकडे आजची प्रत तेवढी येई. या गुणाचे मोल कसब्यात निराळे सांगायला नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे गेले, आणि मुठेचे पाणी या पेठेच्या नदीकाठच्या घरांत शिरले. माझे वडील तेव्हा तरुण कामगार होते. त्यांच्या संघटनेच्या सभासदांची वही एका पत्र्याच्या ट्रंकेत होती. ट्रंक सापडली, वहीचा लगदा झाला होता. कोण कधीपासून वर्गणी भरतो याचा दुसरा पुरावा नव्हता, कारण दुसरी वही नव्हती. वडील पुढे कधीही एका प्रतीवर विसंबले नाहीत, आणि मलाही तेच सांगून गेले.

तेव्हा आम्हाला गिट पसंत पडले यात नवल नाही. आणि पसंत पडले म्हणूनच आम्ही त्यात वाटेल ते कोंबायला लागलो. हजेरीपटांची स्कॅन केलेली पाने, पगारचिठ्ठ्यांचे फोटो, मोर्च्याची चलच्चित्रे, वार्षिक मेळाव्याचे दोन तासांचे चित्रण, सगळे दप्तरात. सहा महिन्यांत दप्तर इतके फुगले की नव्या कार्यकर्त्याला नक्कल द्यायची तर दुपारचा चहा होऊन संध्याकाळ होई. फोनवरच्या इंटरनेटने काम करणाऱ्या पोरांनी तर नादच सोडला.

असे का होते हे नीट समजून घ्यावे. करारासारखी मजकुराची फाइल असते तेव्हा दोन आवृत्त्यांत फरक दोन-चार ओळींचा असतो. गिट प्रत्येक आवृत्ती पूर्ण नोंदवते, पण पुढे गठ्ठा बांधताना सारख्या आवृत्त्या ओळखून केवळ फरक तेवढा ठेवते. त्यामुळे शंभर मसुद्यांचेही वजन फारसे होत नाही. फोटोचे आणि चलच्चित्राचे तसे नसते. त्या फाइली आधीच दाबून लहान केलेल्या असतात. फोटोच्या कोपऱ्यातला एक डाग पुसला तरी आतली जवळजवळ सगळी अक्षरे बदलतात, आणि फरक काढायला हाती काही लागत नाही. ४० एमबीचे एक स्कॅन दहा वेळा सुधारून ठेवले की दप्तरावर ४०० एमबीचा बोजा पडला. हा बोजा प्रत्येकाच्या नकलेत जातो.

‘मग मोठी फाइल काढून टाकू,’ असे आम्ही म्हटले, आणि मेळाव्याचे चित्रण पुसले. दप्तराचे वजन तसूभरही उतरले नाही. माझी समजूत पटेना. पोरगा म्हणाला, ‘काका, तुम्ही आजच्या पानावरून ते काढलेत. कालच्या पानावर ते आहेच. इतिहास विसरू नये म्हणूनच तर ही व्यवस्था घेतली ना?’ मी निरुत्तर झालो.

आता या अडचणीतून वाट काय? ती सांगण्यापूर्वी आपल्याच गावातले एक थोर उदाहरण देतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली आणि १९१९ साली तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेण्यात आले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. काम पुरे झाले १९६६ साली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पाहिली गेली, शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा नाना लिप्यांतली. या सगळ्या पोथ्या एकाखाली एक छापल्या असत्या तर ते पुस्तक कोणाला उचलवले नसते.

त्या पंडितांनी काय केले? वर निश्चित केलेला पाठ छापला. खाली, ज्या पोथीत जेवढा फरक तेवढाच दिला, आणि पोथीचे नाव लिहिण्याऐवजी तिची एक अक्षर-खूण दिली. काही पोथ्यांत अधिकच्या ओळी होत्या. त्या तारांकित क्रमांक देऊन तळाशी घेतल्या. आणि जे अधिकचे भाग फार लांब होते, ते पानावर ठेवलेच नाहीत. ते परिशिष्टात नेले, आणि पानावर खूण ठेवली, की येथे अमुक पोथ्यांत अमुक परिशिष्टातला अमुक क्रमांकाचा भाग येतो. वाचणाऱ्याचे पान हलके राहिले आणि एक ओळही हरवली नाही. येथून हाकेच्या अंतरावर ज्याचे देऊळ आहे, त्या गजाननाने व्यासांचा लेखक होऊन महाभारत लिहिले ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कथासुद्धा मूळ संहितेत न धरता या पंडितांनी परिशिष्टाकडे धाडली. ग्रामदैवताचा यात काही अपमान झाला असे मला वाटत नाही. कथा जपली गेली, ती कोठे आहे हे लिहिले गेले, आणि ज्याला हवी त्याने ती उघडावी अशी सोय झाली.

नेमकी हीच युक्ती गिटसाठी २०१५ साली जाहीर झाली. तिचे नाव ‘गिट एलएफएस’. मोठ्या फाइलींचे कोठार, असा त्याचा अर्थ. यात जड फाइल दप्तरात ठेवायचीच नाही. ती वेगळ्या कोठारात जाते, आणि दप्तरात तिच्या जागी तीन ओळींची चिठ्ठी राहते. पहिल्या ओळीत चिठ्ठी कोणत्या पद्धतीने लिहिली ते असते. दुसऱ्या ओळीत फाइलचा ठसा असतो, आणि तिसऱ्या ओळीत तिचे वजन. फाइल ४० एमबीची असो की ४ जीबीची, चिठ्ठी शे-सव्वाशे अक्षरांचीच.

हा ठसा म्हणजे काय? आमच्या जुन्या सभासदांपैकी कित्येकजण अंगठा उठवीत. दोन माणसांचा अंगठा जुळत नाही. तसेच फाइलीतल्या सगळ्या मजकुरावर गणित करून ६४ अक्षरांची एक ओळ काढतात. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा पार बदलतो. त्यामुळे कोठारातून माल आणला की त्याचा ठसा पुन्हा काढून चिठ्ठीशी ताडता येतो. मधल्या वाटेत कोणी पान बदलले तर ते उघडे पडते. हजेरीपटावर ज्यांची भाकरी अवलंबून आहे त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाही.

नव्या माणसाला नक्कल हवी असली की दप्तर आणि सगळ्या चिठ्ठ्या त्याच्याकडे जातात. त्या चटकन जातात, कारण हलक्या असतात. आणि कोठारातून त्याच्याकडे माल येतो तो आजच्या पानाला लागणारा तेवढाच. दहा वेळा सुधारलेल्या स्कॅनच्या जुन्या नऊ प्रती कोठारात राहतात. मागितल्या तरच येतात.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांनी त्या त्यांना सांगाव्यात.

पहिली गोष्ट, नियम आधी आणि माल मागाहून. ‘या जातीच्या फाइली कोठारात जातील’ असे ‘गिट एलएफएस ट्रॅक’ या आज्ञेने आधी लिहून ठेवावे लागते. तो नियम ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ या लहानशा फाइलीत बसतो, आणि ती फाइलही दप्तरात नोंदवायची असते. जड फाइल आधी आत गेली आणि नियम मागून आला, तर जुना बोजा जसाच्या तसा राहतो.

दुसरी गोष्ट, जुना बोजा उतरवायचा तर मागच्या नोंदी नव्याने लिहाव्या लागतात. त्यासाठी ‘गिट एलएफएस मायग्रेट’ हे साधन आहे. परंतु त्यामुळे नोंदींच्या खुणा बदलतात, आणि ज्यांच्याकडे जुनी नक्कल आहे त्या सर्वांनी ती बाजूला ठेवून नवी घ्यावी लागते. एकाने जरी जुन्या नकलेवरून काम पुढे ढकलले, तरी जुना बोजा पुन्हा दारात येतो. आम्ही हे करण्यापूर्वी सभा बोलावली, ठराव केला, आणि जुन्या दप्तराची एक प्रत कुलपात ठेवली. इतिवृत्त बदलायचे ते सर्वांच्या देखत बदलावे.

तिसरी गोष्ट, जे पुन्हा तयार करता येते ते ठेवूच नये. कराराचा मसुदा दप्तरात असला तर त्यावरून काढलेली छापील पीडीएफ कशाला हवी? धान्य घरात असताना दळलेल्या पिठाचे डबे कोणी पिढ्यानपिढ्या साठवीत नाही.

चौथी गोष्ट, फोटो किंवा पगाराचा तक्ता यांवर दोघांनी एकाच वेळी काम केले तर गिटला ते दोन बदल एकत्र गुंफता येत नाहीत. एकाचे काम वाया जाते. म्हणून कुलूप लावण्याची सोय आहे. ग्रंथालयातले पुस्तक एकाने नेले की दुसऱ्याने थांबावे, तसे.

वजनाला मर्यादा घातली की काही लोकांना तो कमीपणा वाटतो. गिटहबसारखी मोठी कोठी १०० एमबीवरची फाइल साध्या वाटेने घेतच नाही, यावर आमचा एक कार्यकर्ता चिडला होता. मी त्याला म्हटले, अरे, १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली, की प्रौढ पुरुष कामगाराच्या पाठीवर ५५ किलोंहून अधिक ओझे देण्याची प्रथा असेल तेथे ते उतरवून तेवढ्यावर आणावे. त्यात हमालाच्या ताकदीवर संशय नव्हता. ओझे रोज वाहायचे असते, याची जाणीव होती. दप्तरही रोज वाहायचे असते.

येथवर सगळे गोड झाले. आता ती गोष्ट सांगतो, जिच्यासाठी मी आलो.

२०२२ साल. आमच्या एका सभासदाची ग्रॅच्युइटीची सुनावणी होती. बारा वर्षे त्याने एका कारखान्यात काम केले होते. मालकाचे म्हणणे, तीनच वर्षे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे त्याच्यासारख्याला पाच वर्षे सलग नोकरी भरल्याशिवाय एक पैसा मिळणार नव्हता. त्याचा शेवटचा पगार महिना १३ हजार. पंधरा दिवसांचा पगार, महिन्याचे सव्वीस दिवस धरून, म्हणजे वर्षाला साडेसात हजार. बारा वर्षांचे ९० हजार. पुरावा म्हणून त्याने वर्षानुवर्षे फोनवर काढलेले हजेरीपटाचे फोटो आमच्या कोठारात होते, ठशांसकट.

मी नवा लॅपटॉप घेऊन गेलो. सकाळीच दप्तराची नक्कल त्यावर घेतली होती. नावे सगळी दिसत होती : २०११ मार्च, २०११ एप्रिल, सगळी रांगेत. मी निश्चिंत होतो. अधिकाऱ्यांनी फोटो दाखवा म्हटले, मी फाइल उघडली, आणि पडद्यावर तीन ओळी आल्या. पद्धत, ठसा, वजन. चिठ्ठी! त्या यंत्रावर एलएफएस बसवलेलेच नव्हते. धावपळ करून ते बसवले आणि कोठाराकडे माल मागितला, तर उत्तर आले, महिन्याचा कोटा संपला. कोठारातून किती माल उतरवायचा याला आमच्या वर्गणीत मर्यादा होती, आणि त्याच आठवड्यात सभासदांनी मेळाव्याचे चित्रण हौसेने उतरवून घेतले होते. मेळावा आणि हजेरीपट आम्ही एकाच कोठारात ठेवले होते. नाचगाण्याने पुराव्याची वाट अडवली.

कचेरीतल्या जुन्या संगणकावर सगळे फोटो जसेच्या तसे होते. संध्याकाळी ते पाहिले. परंतु सुनावणी दुपारची होती. पुढची तारीख चार महिन्यांनी मिळाली. त्या चार महिन्यांत त्याच्या मुलीची फी भरायची होती. मालकाच्या माणसाने घरी येऊन ४० हजार पुढे केले, आणि त्याने सही केली. मी त्याला दोष देत नाही. तो मला एवढेच म्हणाला, ‘साहेब, फोटो तर मी काढले होते ना?’

हो, त्याने काढले होते. कागद हरवला नव्हता. वेळेवर हजर झाला नाही. चूक यंत्राची नव्हती, त्या कोठारवाल्याचीही नव्हती. चिठ्ठी पाहून माल हाताशी आहे असे समजणाऱ्या माझी होती. फाइली हलक्या करण्याच्या आनंदात माल कोठे आहे, त्याचे दार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मी विचारलाच नाही.

तेव्हापासून आमच्याकडे चार नियम आहेत. पुराव्याचे कोठार निराळे, मेळाव्याचे निराळे. कोठाराची एक प्रत भाड्याच्या जागेत असली तरी दुसरी आपल्या मालकीच्या डिस्कवर, आणि ती या पेठेबाहेर राहणाऱ्या सभासदाच्या घरी, कारण नदी आम्ही विसरलेलो नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघेजण बसतात, ‘गिट एलएफएस फेच’ला ‘ऑल’ जोडून सगळ्या आवृत्त्यांचा माल खाली उतरवतात, आणि ‘एफएससीके’ या आज्ञेने ठसे ताडून पाहतात. आणि सुनावणीला निघण्यापूर्वी प्रत्येक फोटो उघडून डोळ्यांनी पाहायचा. तोही इंटरनेट बंद करून. या चौथ्या नियमाला संगणकाची विद्या लागत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका सुनावणीत आमची एक तरुण कार्यकर्ती गेली होती. अधिकाऱ्यांनी नऊ वर्षांपूर्वीचा पट मागितला. तिने तो उघडला, मूळ फोटोचा ठसा आणि दप्तरातली त्या दिवशीची नोंद शेजारी शेजारी दाखवली, आणि खाली बसली. त्या बाईंचे पैसे त्यांना मिळाले. ज्याच्यामुळे आम्ही हे शिकलो, त्याला मी ती बातमी त्याच्या घरी जाऊन सांगितली. त्याने चहा दिला. पन्नास हजारांची तूट त्या चहाने भरून निघाली नाही, हे मला ठाऊक आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती कोणत्याही संस्थेचे दप्तर आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एक काम करावे. सर्वांत महत्त्वाची अशी एक जुनी फाइल निवडावी आणि ती उघडून पाहावी. तीन ओळी दिसल्या तर उद्या सकाळी कोठाराचा पत्ता शोधावा.